चाचणीत पास झालेली लिफ्ट

आमच्या भाडेकरू संघाच्या सेक्रेटरीला सगळी इमारत ट्रायलभाऊ म्हणते. दुकानांतले वजनकाटे तपासणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे पारखल्याशिवाय काही घ्यायचं नाही हे अंगात मुरलेलं. छत्री घेतली तरी आधी नळाखाली उघडून बघणार.

लिफ्ट बंद पडली आणि तक्रारी नोंदवायला सॉफ्टवेअर घ्यायचं बैठकीत ठरलं. भाऊंनी ते मनावर घेतलं. एकेक सॉफ्टवेअर फुकटच्या मुदतीवर उतरवायचं आणि मार्क द्यायचे. अक्षरं मोठी होतात का, जुन्या फोनवर चालतं का, उद्या सोडायचं झालं तर आपली माहिती बाहेर काढता येते का. प्रश्न बिनतोड होते, हे मलाही मान्य. लिफ्ट मात्र होती तिथेच, दोन मजल्यांच्या मध्ये.

भाऊंची आई सगळ्यात वरच्या मजल्यावर. गुडघे गेलेले. रस्त्यापलीकडे तळमजल्यावर तिची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. आधी आई रोज जाऊन तिची वेणी घालायची. आता नुसता खिडकीतून हात हलवायची.

"अरे, कुठलं तरी एक घे आणि माणूस बोलाव."

"आई, घाईत घेतलं की आयुष्यभर डोक्याला ताप."

"माझं आयुष्य किती धरलंयस तू?"

शेवटी एक सॉफ्टवेअर पास झालं. लिफ्ट कंपनीही त्याला जोडली. तरी मेकॅनिक येईना. मग मी भाऊंना घेऊन कंपनीत धडकले. तिथल्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली.

"लिफ्ट दुरुस्त झाली असं तुम्हीच लिहिलंय. तेही पुन्हा पुन्हा."

भाऊंचा चेहरा उतरला. तक्रार 'मिटली' अशी नोंद करता येते का, हे बघायला त्यांनी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आईचीच लिफ्टची तक्रार घालून ती मिटवली होती. खोटी तक्रार लिहायला मन धजेना, माणूस प्रामाणिक. खोटी दुरुस्ती मात्र बिनदिक्कत लिहिली. आणि सगळ्या चाचण्यांची माहिती इमानेइतबारे नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणून ठेवली.

"चाचणी होती हो ती," भाऊ पुटपुटले.

"मग तक्रार तरी खरी कशावरून?"

माझं डोकं फिरलं. "मॅडम, मेकॅनिक निघेपर्यंत मी या खुर्चीवरून उठत नाही. आणि माझा आवाज बारीक करायचं बटण तुमच्याकडे नाही."

बाईंनी ते बटण बराच वेळ शोधलं असावं. मग मेकॅनिक आमच्याबरोबरच निघाला.

लिफ्ट हलली तशी आई फणी घेऊन उतरली आणि माझ्या हाताला धरून रस्ता ओलांडून गेली. मी परतले तर भाऊ दारातच फोनवर मार्क भरत होते. शेवटच्या ओळीत मी. वेग, उत्तम. शिकायला सोपं, नाही. आवाज कमी करता येतो, नाही.

"आणि हा 'तक्रार मिटली'चा रकाना रिकामा का?" मी विचारलं.

"तो आता मी भरत नाही," भाऊ म्हणाले. "आई परत आली की ती भरेल."