पुढच्या अंगणातली दोरी

"चड्डी खंय सुकत घालतंस?"

जांघेची खाज घेऊन कोणीही आला की डिचोलीच्या फार्मासीतले म्हातारे कंपाउंडर काका आधी हेच विचारायचे. हसू नका. मलाही विचारलं होतं.

मी तेव्हा मुळगावच्या खाणीवर ट्रक चालवायचो. दिवसभर तापलेल्या इंजिनाशेजारी घामात बसायचं. जांघेत खाज सुटली, कातडी कोंड्यासारखी गळायला लागली. सोबतच्या ड्रायव्हरनं एक ट्यूब दिली. चोळली की दोन दिवस बरं, मग चट्टा आधीपेक्षा मोठा. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. त्या मुलीला काय तोंड दाखवू, या विचारानं जेवण जात नव्हतं.

"न्हाणीत घालतो, टॉवेलाखाली," मी म्हटलं. आमच्याकडे तशीच रीत. शर्ट अंगणात, आतले कपडे लपवून.

"कित्याक?"

"लोक बघतात."

"लोकांका लाजान तू खाजवत रवतलंस?"

मग त्यांनी चौकशीच मांडली. चट्ट्याच्या कडेला कोंडा आणि मधे साफ? होय. पायाच्या बोटांच्या बेचक्यात भेगा? बघितलं तर होत्या. मी चाटच पडलो. म्हणाले, हे गजकर्ण, बुरशी असते ती. ओलीत वाढते, पायावरून टॉवेलानं वर चढते. माझ्याकडची ट्यूब चष्म्याजवळ धरून वाचली आणि बाजूला ठेवली.

"ह्या औषधान खाज निजता, रोग जागोच रवता."

कातडीच्या डॉक्टरकडे म्हापशाला पाठवलं. लग्नाचं कळल्यावर बजावलं, "बरा दिसला तरी डॉक्टरान सांगल्याबगर मलम सोडू नको. अंग कोरडा ठेव, चड्डी उन्हात सुकत घाल. टॉवेल कोणाक देव नको. आणि त्या चेडवाक लग्नाआधी सांग."

शेवटचं औषध सगळ्यात कडू. तरी सांगितलं, न्हाणीतल्या चड्डीसकट. मान खाली घालून ऐकत होती, मग म्हणाली, "मगे दोरी मी बांधतंय."

लग्न होऊन आली आणि तिनं ती पुढच्या अंगणात बांधली. शेजारी महिनाभर हसले. मी मात्र बरा झालो.

काका गेले तेव्हा त्यांच्या घरी गेलो. अंगणात माणसं उभी, आणि त्यांच्या डोक्यावर दोरीला काकांच्या दोन ठिगळाच्या चड्ड्या. कोणीतरी ओशाळून काढायला हात घातला. काकींनी दारातूनच अडवलं.

"रवांदेत. ओली काढलेली त्यांका खपणा नाय."