संत्र्यावरचे ठिपके

फोन नीट कानाले लाव, पोरी. दुसऱ्या कंपनीच्या लेन्सनं तुझा डीएसएलआर बिघडते, असं कावून धरून बसली?

मीबी भेली होती. अमरावतीच्या दुकानदारानं तशीच दूरचं टिपणारी लेन्स माझ्या कॅमेऱ्याले लावली, डोळे मिटून ‘खट्’ आवाज ऐकला आन् खिशातलं संत्रं बाहेरच्या पायरीवर नेऊन ठेवलं.

“काढा फोटो, काकू.”

काढला. त्यानं पडद्यावर मोठा केला. “सालीवरचे ठिपके मोजता येतेत?”

“येतेत ना बाप्पा!”

“मंग कंपनीचं नाव कायले वाचता?” म्हणे, आन् तेच संत्रं सोलून अर्धं मले देल्लं. त्याचंही नाव इचाराचं राहूनच गेलं.

आता त्याच लेन्सनं जास्वंदीवरच्या घरट्यातली शिंजिराची पिल्लं टिपून राहिली मी. चोच उघडली का जीभबी दिसते! अकोल्याहून लवकर ये, बाई. पिल्लाईले पंख फुटले हायेत.