भाऊजींचं दूरचं स्टेशन

माझ्या भाऊजींइतक्या लांबची काळजी करणारा माणूस सबंध वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. घरातली, गल्लीतली काळजी कोणीही करतो. भाऊजींना ती पुरत नसे. अकोल्याच्या शाळेत ते भूगोल शिकवीत, आणि नकाशावरचं प्रत्येक गाव आपल्या कुणा ना कुणा सोयऱ्याचंच आहे असं त्यांना वाटे. आसामात पूर आल्याचं वाचलं की संध्याकाळी ते मोर्णेच्या पुलावर जाऊन पाणी बघत. नदीत बसलेल्या म्हशींच्या पाठीसुद्धा कोरड्या असत. तरी घरी येऊन ते माझ्या बहिणीला म्हणत, "सध्या ठीक आहे. पण गहू माळ्यावर ठेवलेले बरे." ताई हसून गहू माळ्यावर ठेवी आणि पूर ओसरल्याची बातमी आली की खाली उतरवी.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला सासर मिळालं ते थेट विशाखापट्टणला. जावई नागपूरचा, पण नोकरी तिथल्या बंदरावर. कुसुमला पोचवायला आम्ही सगळे अकोला स्टेशनवर गेलो, तेव्हा ताई डोळे पुसत होती आणि भाऊजी जावयाला विचारत होते, "घरातून समुद्र दिसते का?" जावई कौतुकाने म्हणाला, "दिसतो ना, खिडकीतूनच!" भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. परत येताना टांग्यात ते एवढंच बोलले, "आपल्याले दिसते म्हणजे त्यालेबी आपण दिसतो."

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी अमरावतीच्या एका घड्याळवाल्याकडून तो ट्रान्झिस्टर आणला. साबणाच्या डबीएवढा, स्वस्तातला, कोणीतरी वापरून टाकलेला. घड्याळवाल्याने बजावलं होतं, "गुरुजी, याच्यावर नागपूर लागलं तरी नशीब समजा." भाऊजींना नागपूर नकोच होतं. दिवसा त्या डबीत नागपूरशिवाय काही नसे. पण सूर्य कलला की लांबलांबची केंद्रं एकेक करून वर येतात, हे त्यांनी हुडकून काढलं. मग रोज तिन्हीसांजेला भाऊजी गच्चीवर. डबी कानाला लावून ते जागच्या जागी जात्यासारखे हळूहळू फिरत. एका विशिष्ट कोनात आले की गपकन थांबत आणि एक पाय उचललेला असला तर तो तसाच ठेवत. त्या कोनात त्यांना तिकडचं तेलुगू केंद्र सापडे.

अडचण होती ती शेजारच्या पिठाच्या गिरणीची. तिची मोटर चालू असली की डबीत नुसता खरखराट. भाऊजी कठड्यावरून वाकून हात जोडत, आणि गिरणीवाले चाचा लोकांची ज्वारी तशीच ठेवून मोटर बंद करत. बायका डबे घेऊन खोळंबत. थोड्या वेळाने चाचा गिरणीचा पट्टा हातात धरून खालून हाक मारत, "गुरुजी, झाली का खबर? पट्टा चढवू?"

गंमत म्हणजे भाऊजींना तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं. मी एकदा विचारलं, "भाऊजी, समजत नाही तर ऐकता काहून?"

"बापू, शब्द कोण ऐकते? मी आवाज ऐकून राहिलो. रोज तोच माणूस वाचते. तो शांत आहे म्हणजे समुद्र शांत आहे."

त्या वर्षी भाऊबीजेला ताई आणि भाऊजी डबीसकट माझ्याकडे शेंदूरजनाघाटला आले. आदल्या संध्याकाळी भाऊजी माझ्या गच्चीवरून उतरले ते घामाने भिजलेले. "तो 'तुफानु' म्हणाला. तीनदा म्हणाला. मंग विशाखापट्टणम म्हणाला." तुफान म्हणजे काय, हे कळायला वऱ्हाडात तेलुगू यावी लागत नाही. मी धावत पोस्टात गेलो. तारमास्तरांनी माझी तार घेतली, पण म्हणाले, तिकडची लाइन बंद आहे, पोचेल तेव्हा पोचेल.

भाऊबीजेच्या संध्याकाळी केंद्र लागलंच नाही. भाऊजी सगळ्या दिशांना फिरले; डबीत नुसता फुसफुसाट. ताईने मला ओवाळायला घेतलं, पण कुंकू लावायचंच विसरली. वर्षानुवर्षं नवऱ्याच्या काळजीला हसणाऱ्या ताईला आज हसू येत नव्हतं. ओवाळून झालं, तेव्हा भाऊजी घरात नव्हते.

आम्ही दोघं त्यांना शोधत घरामागच्या संत्र्याच्या बागेत गेलो. भाऊजी काटेरी तारेच्या कुंपणाजवळ उकिडवे बसले होते. डबी तारेला टेकवलेली आणि कान डबीला.

"आवाज करू नका," ते म्हणाले. "इथे लागून राहिलं. तारेजवळ धरलं की लागते."

खरखरीतून बारीकसा आवाज येत होता. बसलेला, खोकला दाबत बोलणारा.

"काय म्हणून राहिला तो?" ताईने विचारलं.

"तोच आहे, रोजचा. गावांची नावं घेऊन राहिला. एकेक. घाईत नाही."

ताई नवं लुगडं सावरत तिथेच मातीत बसली आणि तिनेही डबीला कान लावला. दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती. पुरतं अंधारेपर्यंत ती दोघं एका अक्षराचाही अर्थ न कळता ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी त्यांना घेऊन निघालो. अमरावतीच्या स्टँडवर भर दुपारी, जेव्हा काही म्हणजे काही लागणं शक्य नव्हतं, तेव्हाही भाऊजींनी डबी कानापासून काढली नाही. अकोल्याला गल्लीच्या तोंडाशीच चाचा उभे होते, पिठाने पांढरे झालेले, हातात तार. पोस्टमनकडून त्यांनी ती आधीच वाचून घेतली होती. "गुरुजी, बेटी खुशाल हाय! छप्पर गेलं, माणसं सगळी हायेत!" भाऊजी रस्त्यातच खाली बसले. चाचांनी त्या दिवशी गिरणी उघडलीच नाही.

पुढे जावयाची बदली नागपूरला झाली. कुसुम महिन्याआड माहेरी येऊ लागली. आता डबी कपाटात जाईल असं आम्हाला वाटलं. पण भाऊजी तिन्हीसांजेला गच्चीवर जातच राहिले. "तुफानानंतर त्याचा आवाज बसला तो बसलाच," ते म्हणायचे. "मधेमधे खोकते. औषध घेते की नाही कोणास ठाऊक." ज्येष्ठमधाची एक पुडीसुद्धा त्यांनी त्याच्यासाठी आणली होती, नाव माहीत नाही म्हणून ती पाठवता आली नाही.

एका पावसाळ्यात मी अकोल्याला गेलो तर भाऊजी गच्चीवर होते, पण फिरत नव्हते. डबीतून स्वच्छ, तरुण आवाजात तेलुगू बातम्या येत होत्या.

"बरेच दिवस झाले, हा नवीनच वाचते," ते म्हणाले.

"अहो भाऊजी, त्याची बदली झाली असेल. रिटायर झाला असेल."

"असंल." त्यांनी डबी बंद केली नाही. "पोरीची तार आली बापू. त्याची तार आपल्याले कोण करीन?"

खाली चाचांनी मोटर कधीचीच बंद करून ठेवली होती. बायका डबे घेऊन उभ्या होत्या. त्या दिवशी पट्टा चढवू का, असं मात्र कोणी विचारलं नाही.