चावून ओळखलेलं गवत

पहिल्याच दिवशी मी फेकलेली चौकट एका म्हशीच्या शिंगांत अडकली आणि म्हैस ती घेऊन धरमपेठेच्या बाजाराकडे निघून गेली. तिच्यामागे मी, माझ्यामागे तिचा गवळी आणि त्याच्यामागे चार रिकामटेकडी पोट्टी. चौकट म्हणजे लाकडाच्या चार पट्ट्या, मीटरभर लांब आणि तेवढ्याच रुंद. डोळे मिटायचे, पाठमोरं उभं राहायचं, ती खांद्यावरून मागे फेकायची आणि जिथे पडेल त्या चौकोनात जे उगवलंय, जे रांगतंय ते सगळं वहीत उतरवायचं. पाठमोरं अशासाठी, की आपल्या लाडक्या जागेवर ती टाकायचा मोह होऊ नये. आता मागून म्हैस येते आहे हे पाठीला कसं कळावं, तुम्हीच सांगा!

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी. नुकतीच संपवली होती. आमच्या सरांकडे वर्षभराचं एक काम आलं होतं. नागपूरच्या आसपासची गवताळ माळरानं आणि शहरातल्या पडीक जागा पालथ्या घालायच्या, तिथलं झाडपान आणि जीवजंतू नोंदवायचे. मदतनीसाची जागा एक, इच्छुक दोघं. एक मी आणि दुसरा माझ्याच वर्गातला एक हुशार, तेल लावून भांग पाडणारा मुलगा. सरांनी दोघांना एकेक जागा दिली आणि म्हणाले, भाद्रपदातल्या अमुक सोमवारपर्यंत ज्याची यादी मोठी, त्याचं काम.

त्याला मिळालं शहराबाहेरचं टेकडीवरचं कुरण. मुलीला एकटीला लांब कसं पाठवायचं, म्हणून मला धरमपेठेमागचा रिकामा प्लॉट. विटांचे तुकडे, राख, फुटके माठ आणि कुणीतरी ट्रकनं आणून ओतलेल्या काळ्या मातीचे ढीग.

"तुमच्या उकिरड्यावर काय सापडणार? तरोटा आणि गाजरगवत," तो मला म्हणाला. असा राग आला मला! त्याच दिवशी मी ठरवलं की याच्या कुरणाला माझा उकिरडा पाणी पाजणार.

रागापेक्षाही मोठं कारण घरी होतं. बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात कारकून होते. रोज संध्याकाळी बसनं यायचे तेव्हा कॉलरवर राखेची बारीक पूड असायची. त्यांनी मला टायपिंगच्या क्लासात घालायचं नक्की केलं होतं. हे काम मिळालं तर क्लास रद्द, नाही मिळालं तर पुढल्या मंगळवारपासून टकटक, आणि मग जन्मभर कुणाच्या तरी ऑफिसात टकटक. मी अर्धा तास खुर्चीवर टिकायची नाही. क्लासाच्या नुसत्या विचारानं माझ्या बोटांना मुंग्या यायच्या.

मग काय, दोन महिने त्या प्लॉटवर मी धिंगाणा घातला. एकदा चौकट झोपलेल्या कुत्र्याभोवती बरोबर पडली, तर नियमाप्रमाणे मी वहीत लिहिलं, "कुत्रा, एक, झोपलेला." सरांनी त्यावर लाल रेघ मारली, पण मारताना त्यांच्या मिशा हलल्या हे मी पाहिलं. विटांच्या ढिगाजवळ टिटवीनं खड्यांत अंडी घातली होती. मी चौकट उचलली की ती माझ्या डोक्यावरून असा आरडाओरडा करायची, की शेजारच्या बायका गच्चीवर यायच्या. मी टिटवीला शिव्या द्यायची, ती मला. फार मजा येत होती हो! आघाडा, घोळ, केना, कुरडू, रिंगणी, रोज एखादं नवं नाव वहीत चढायचं.

सरांचा नियम एकच आणि कडक: नमुना नाही तर नोंद नाही. वहीत कितीही लिहा, झाड दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून समोर ठेवलंत तरच ते मोजणार.

शेवटच्या आठवड्यात आमच्या याद्या अगदी बरोबरीला आल्या. मला कसं कळलं? तो कँटीनच्या टेबलावर वही ठेवून चहा आणायला जायचा आणि मला वाचता येत होतं. शनिवारी संध्याकाळी मी हताश होऊन काळ्या मातीच्या ढिगामागे गेले, तर तिथे जमिनीला चिकटून पसरलेला एक वेल. गोल, चिमुकली पानं, एकच पिवळं फूल. मी तो कधीच पाहिला नव्हता. जाळंच्या जाळं उपटलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि सायकल अशी हाणली की चेन पडली. घरी वाळवायचे कागद सगळे दमट होते, म्हणून पुडकं रात्रभर स्वयंपाकघरात रांजणाशेजारी ठेवलं आणि गाणी म्हणत झोपले.

रविवारी सकाळभर मी जुन्या रद्दीला इस्त्री करून कागद कोरडे केले. मग जेवायला बसलो. बाबा म्हणाले, "आज डाळभाजी फक्कड झाली आहे. मेथी आहे का?"

"मेथीच होय," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी रांजणाकडे पाहिलं. फडकं धुऊन वाळत घातलेलं होतं.

बाबा हात धुवायला उठले तसा मी आईचा हात धरला. "आई! माझं पुडकं?"

"अवं, ते त उंदीरकानी होय!" आईचे डोळे नुसते चमकत होते. "पानं पाय ना कशी, उंदराच्या कानासारखी. लगन झाल्यापासून खाल्ली नोती मी. मले वाटलं, तूनं माह्यासाठी आणली."

मी किंचाळले. मग माझं लक्ष बाबांकडे गेलं. ते मोरीपाशी तृप्त ढेकर देत होते. माझा शेवटचा पुरावा त्यांच्या पोटात होता. मला इतकं रडू आलं की हसूच फुटलं, आणि मी हसते आहे हे पाहून आईही हसायला लागली. हसता हसता मी तिला सगळं सांगितलं. चौकट, यादी, सोमवार, टायपिंग. आईनं ताटं बाजूला सारली. तिचं माहेर पारशिवनीकडचं एक खेडं. शाळेत ती चौथीपर्यंत गेली आणि मग म्हशींसाठी रोज गवताचा भारा कापत मोठी झाली. इथे आल्यावर तिनं एकदा रस्त्याकडेची घोळ खुडून आणली होती, तर बाबांनी सांगितलं होतं, "लोक काय म्हणतील? शहरात असं करू नये." तेव्हापासून ती भाजी फक्त भाजीवालीकडूनच घेत होती.

"एकटी वेल कोठी असते का वं?" ती म्हणाली. "तिचे लेकरंबाळं असतात. बाबा झोपू दे, मंग चाल, मी दावतो तुले."

बाबा झोपले आणि आई जन्मात पहिल्यांदा सायकलच्या कॅरिअरवर बसली. "माय वं, पाडशीन मले!" असं ओरडत, माझी कंबर आवळत, भर दुपारी अख्ख्या धरमपेठेतून. एका वळणावर आम्ही खरंच पडलो. धूळ झटकली आणि पुन्हा बसलो. दोघींनाही हसून हसून उचकी लागली होती.

प्लॉटवर पोचल्यावर तिनं आधी चारही बाजूंना कुणी ओळखीचं नाही ना ते पाहिलं. मग लुगडं खोचलं आणि माझी आई कुठेतरी गेली. तिच्या जागी एक चपळ पोरगी आली. ढिगाच्या पलीकडच्या उतारावर दोन मिनिटांत उंदीरकानी सापडली. काळी माती चिमटीत घेऊन ती म्हणाली, "हे त आपल्याकडची होय. कोणाच्या त वावरातून उचलून आणली. हे बिचारी मातीसंगं आली अन् रायली इथंच."

मी वेल कागदात दाबत होते, तोवर ती गवतात उकिडवी बसली. "अन् हे काहून नाई लिवलं?"

"ते गवत आहे."

"कोणतं गवत?"

इथेच माझं घोडं अडलं होतं. गवत ओळखायचं तर त्याचा तुरा लागतो, आणि गुरं या प्लॉटवर तुरा येऊच देत नव्हती. मी वहीत लिहिलं होतं, "गवत, तुरा नाही, ओळख नाही." आईनं ती ओळ ऐकली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"हे मारवेल. हे पवन्या. हा कुंदा, वेगळा दिसत नाई का तुले?" तिनं एक काडी बुडातून उपटली, दातांखाली धरली आणि चावली. "मारवेल गोड लागते. कुंदा कोरडा, घशात बसते. भाऱ्यात कुंदा निघाला का म्हैस पाय आपटे अन् बाप मले बोले. घे, चावून पाय."

मी चावलं. मला दोन्ही गवतासारखंच लागलं. पण ती चावत गेली, थुंकत गेली, नावं सांगत गेली आणि मी कागदात दाबत गेले. एरवी घरात दिवसाला दहा वाक्यं बोलणारी बाई त्या दुपारी दोन तास थांबली नाही.

सोमवारी सरांनी आमचे कागद टेबलावर मांडले. उंदीरकानी त्यांनी हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहिली. मग गवतांपाशी थांबले. "तुरा नाही. ओळखलं कशावरून?"

"चावून," मी म्हणाले.

प्रयोगशाळेत हशा पिकला. तेलवाला मुलगा तर टेबलावर डोकं ठेवून हसला. सर मात्र हसले नाहीत. "कुणी चावलं?"

"आईनं."

त्यांनी कपाट उघडून आदल्या दिवशी कुठूनसे आणलेले गवताचे तीन झुपके काढले, एकालाही तुरा नव्हता. कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. "तीनही बरोबर आली तर तुझी गवतं मोजीन. पण ओळखणाऱ्याचं नाव लेबलावर हवं. नाव नसेल तर कागद रद्द."

तिन्ही बरोबर आली हे आधीच सांगून टाकते, माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. काम मला मिळालं. मी टायपिंग आजतागायत शिकले नाही, आणि तो तेलवाला पुढे बँकेत लागला आणि भेटला की अजून "उकिरडा" म्हणून हाक मारतो.

पण सांगायचं आहे ते त्या सोमवारच्या संध्याकाळचं. आईनं पहिले दोन झुपके चावून सांगितले. तिसरा नुसता चुरगळून नाकाशी नेला आणि फेकल्यासारखा ठेवला. "तिखाडी. याले कोणतीच म्हैस तोंड लावत नाई." मी उड्या मारत लेबलं काढली आणि "ओळखणार" या शब्दापुढे तिचं नाव लिहायला लागले.

"थांब वं," आई म्हणाली. "कोणतं लिवतं?"

"कोणतं म्हणजे? तुझं."

"मले दोन हायेत ना."

लग्नात ताटभर तांदळात बाबांनी अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. तेच रेशनकार्डावर, तेच माझ्या शाळेच्या दाखल्यावर. आधी तिला काही वेगळं म्हणत असतील हे बावीस वर्षांच्या, चार पुस्तकं शिकलेल्या मला कधी सुचलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"या नावाच्या बाईले काय गवत समजते?" ती पदराशी चाळा करत म्हणाली. "तिनं त निसता स्वयंपाक केला. गवत त्या पह्यल्या नावाच्या पोरीले समजे. तिचं लिव."

मग तिनं ते नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. मी मोठ्यानं उच्चारून पाहिलं, तर आईनं लाजून पदर तोंडावर ओढला आणि खुदकन हसली.

"आणखी एकडाव म्हण."

मी म्हटलं. आणखी दोनदा म्हटलं. मग सगळ्या लेबलांवर लिहिलं, एकेक अक्षर सुंदर काढून.

तेवढ्यात बाबा कोराडीहून आले. टेबलावरचं एक लेबल उचलून दिव्याकडे धरलं, ते नाव वाचलं आणि विचारलं, "ही कोण बाई?"

मी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"हाये एक," ती म्हणाली, "पारशिवनीकडची."

"हुशार दिसते," बाबा म्हणाले आणि पाटावर बसले. आई तोंडाला पदर लावून हसत हसत त्यांना वाढायला उठली.