आप्पाचं पथ्य

विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत कांताबाई मेश्राम तळमजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या डोक्यावर. खाली काय शिजतंय ते मला खिडकी उघडली की कळायचं. त्यांचे यजमान तात्याराव आजारी पडले आणि काही कळेनासं झालं. बिनफोडणीच्या, बिनमिठाच्या स्वयंपाकाला वास तो कसला येणार!

तात्याराव खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि लगेच त्यांच्या किडन्या बिघडल्या. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. भंडाऱ्याकडचा, घाम फुटेपर्यंत झणझणीत रस्सा ओरपणारा माणूस तो. ताट पुढ्यात आलं की म्हणायचे, "चिमूटभर टाक, कांते." वरपर्यंत ऐकू यायचं. कांताबाई टाकायच्या नाहीत. डॉक्टर म्हणाले म्हणजे म्हणाले. पुढे त्यांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हा ह्या रोज डबा घेऊन जायच्या आणि भरलेला परत आणायच्या. शेवटचा डबासुद्धा तसाच परत आला.

त्यानंतर बाई रडल्या नाहीत, कुणावर चिडल्या नाहीत. हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा, प्रज्ञेश, "माझ्याकडे चल" म्हणाला, तर "हो" म्हणाल्या आणि गेल्या नाहीत. सकाळी बुद्धवंदना म्हणताना ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. चहा घेता का, म्हटलं की "हो जी." नको का, म्हटलं तरी "हो जी." मग कप निवत पडायचा.

असं थिजलेलं माणूस मला बघवत नाही. मी सरळ "पथ्याचे डबे मिळतील" अशी पाटी रंगवून घेतली आणि फाटकावर लावून टाकली. त्यांना विचारलं नाही. पुण्यात पाटी लावायला कुणाला विचारायची पद्धत नाही.

डबे सुरू झाले. कांताबाई ते करायच्या, पण नळ सोडल्यावर पाणी यावं तसे. पोळ्या एकसारख्या, चेहरा कोरा. आणि एक दिवस धानोरीच्या एका उंच इमारतीतल्या भाग्यश्री नावाच्या नोकरदार मुलीचा फोन आला. कांताबाईंचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे मीही ऐकला.

"आमच्या आप्पासाठी हवाय डबा, काकू. आम्ही पाकिटातलंच देत होतो, पण डॉक्टर म्हणाले, ते बंद करा, घरचं द्या. भात मऊ, चिकन उकडून, हाडं काढून. दुधी, गाजर, लाल भोपळा. मीठ नाही, तिखट नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही हं."

फोन बंद झाल्याबरोबर माझं तोंड सुटलं. म्हाताऱ्या सासऱ्याला पाकिटं फोडून खायला घालतात आणि वर अरेतुरे! धानोरीच्या त्या उंच इमारतीत राहायचं, कंपनीच्या बसनं हिंजवडीला जायचं, आणि "आप्पांसाठी" म्हणताना एक अनुस्वार जड होतो? शिवाय चिकन चालतं आणि कांदा चालत नाही, हे सोवळं तरी कुठलं?

"आमच्याकडे बापालाही अरेतुरेच करतात जी," कांताबाई म्हणाल्या. "दात नसतील म्हाताऱ्याला. हाडं नीट काढायला हवीत."

रिक्षावाला संपत डबा त्या इमारतीच्या वॉचमनकडे ठेवायचा आणि संध्याकाळी रिकामा घेऊन यायचा. कांताबाई झाकण उघडून आत बघायच्या. भाताचं शीतसुद्धा नसायचं. भाग्यश्री फोनवर सांगायची, "काकू, आप्पा चाटूनपुसून खातो हो! ताट धुवायचीसुद्धा गरज नाही."

एकदा मी खाली गेले तर बाई तो डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. आपणहून बोलल्या.

"बिनमिठाचंही खातात हो माणसं, ताई. चाटूनपुसून खातात. म्हणजे तसं नसेल ना, की माझ्या हातचं..."

पुढचं त्यांनी सोडून दिलं, पण मला समजलं. नवरा उपाशी गेला तो दुखण्यानं की आपल्या हातच्या अळणी जेवणानं, एवढं एकच त्यांना जाणून घ्यायचं होतं. कुठल्याशा आप्पांचा डबा रिकामा येत होता, तोवर दोष दुखण्याचा होता. बाकी कशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

मग एका शुक्रवारी भाग्यश्रीचा फोन आला. आवाज बसलेला. "काकू, आप्पा काहीच खात नाहीये. तुमचा डबा तसाच पडलाय. उद्यापासून नका पाठवू."

कांताबाईंनी दुसऱ्या दिवशी डबा केलाच. पदर खोचून माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "ताई, चला. बघून येऊ."

आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी मोसंबी घेतली. पडल्यापडल्या वाचायला होईल म्हणून एक दिवाळी अंकही घेतला.

दार भाग्यश्रीनं उघडलं. डोळे सुजलेले. मी रीतीनं विचारलं, "आप्पा कुठे निजलेत?"

"आत. फरशीवर."

"फरशीवर?" आता मात्र माझा पारा चढला. चार शब्द सुनावायचेच अशा तयारीनं मी आत गेले.

फरशीवर एक म्हातारा तांबूस कुत्रा पडला होता. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले. भाग्यश्री त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आप्पा, बघ कोण आलंय. तुझा डबा देणाऱ्या काकू." शेपटी जराशी हलली.

मी मोसंब्यांची पिशवी आणि दिवाळी अंक घेऊन तशीच उभी. मला आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग आला, आणि मग कांताबाईंकडे बघायची भीती वाटली. त्यांचं अळणी आवडीनं खाणारं माणूस मुळात नव्हतंच.

कांताबाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या खाली बसल्या, डबा उघडला, भात आणि चिकन बोटांनी बारीक कुस्करलं आणि तळहात त्याच्यापुढे धरला. आप्पानं तोंड फिरवलं. त्यांनी हात काढला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं वास घेतला, जीभ बाहेर काढली आणि हळूहळू घास उचलला. मग तळहात चाटला. भाग्यश्रीला रडू फुटलं.

"बरा होईल?" कांताबाईंनी विचारलं.

"नाही, काकू. किडन्या गेल्यात. डॉक्टर म्हणतात, आता फक्त त्याला खूश ठेवा."

"मग आता तरी घालू का चिमूटभर मीठ?"

"नको, नको!" भाग्यश्रीनं डोळे पुसले. "आणि त्याला मिठाचं काही नसतंच हो, काकू. जेवण अळणी आहे की काय, त्याला कळतही नाही."

कांताबाईंचा हात थांबला. आप्पानं तो नाकानं ढोसला, तेव्हा त्यांनी पुढचा घास कालवला.

"ह्यांना कळत होतं," त्या म्हणाल्या.