सासूबाई, मी आणि मानवशास्त्राच्या चार शाखा

मुलीनं स्पर्धा परीक्षेसाठी मानवशास्त्र हा विषय घेतला, आणि वर्षभरात परीक्षेचा नाद सोडून ती बंगळुरूला नोकरीला निघून गेली. पुस्तकं भोपाळच्या इंद्रपुरीतल्या आमच्या घरातच राहिली. एका रविवारी रद्दीत देण्यासाठी मी ती खाली काढली. एक सहज उघडलं आणि जमिनीवरच बसून वाचत राहिले. गॅसवरचा चहा आटून भांडं काळं झालं तेव्हा सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, काय जळून राहिलं आहे?"

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळायची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारायची. घरबसल्या एम.ए. करता येतं असं कळलं तेव्हा नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. "करून घे," त्या म्हणाल्या. "मला मॅट्रिकच्या पुढे कोणी जाऊ दिलं नाही. संध्याकाळचा स्वयंपाक मी पाहून घेईन."

त्या तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या. सासरे गेलेले, मुलगी बंगळुरूला, घरात आम्ही तिघंच. खरंच त्या दिवसापासून संध्याकाळच्या पोळ्या त्यांनी स्वतःकडे घेतल्या, आणि मी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला पुस्तकं मांडून बसायला लागले.

माणसाचा अभ्यास चार बाजूंनी करतात, असं पहिल्याच पुस्तिकेत होतं. शारीरिक मानवशास्त्र माणसाचं शरीर आणि त्याची उत्क्रांती पाहतं. पुरातत्त्व त्यानं मागं टाकलेल्या वस्तूंवरून त्याचं जगणं ओळखतं. सामाजिक-सांस्कृतिक शाखा नाती, लग्नं, देवधर्म पाहते. आणि भाषिक शाखा त्याचं बोलणं. मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई कणीक मळत होत्या.

"म्हणजे हाडं, भांडी, लग्नं आणि बोलणं," त्या म्हणाल्या. "बायका रोज हेच तर करून राहिल्या आहेत. यात शिकायचं काय?"

पण शिकायला सर्वांत जास्त मदत त्यांचीच झाली. डोक्याची लांबी-रुंदी मोजायचं दोन वाकड्या पायांचं एक साधन असतं. अभ्यासकेंद्रावर ते एकच होतं, आणि वर्गातल्या सगळ्यांना ते आळीपाळीनं घरी न्यायला मिळायचं. माझी पाळी आली तेव्हा सासूबाई अंबाडा सोडून स्टुलावर बसल्या. कपाळापासून मागपर्यंत मोजून झाल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्यालाही ओढून आणलं. त्याचं डोकं त्यांच्यापेक्षा जरा लहान निघालं, याचा आनंद त्यांना आठवडाभर पुरला.

वर्गाची सहल होशंगाबाद रस्त्यानं पुढं, चित्रं असलेल्या खडकांच्या गुहांकडे निघाली. त्याही आल्या. गुडघे दुखत असूनही हळूहळू चढल्या आणि एका कातळाखाली उभ्या राहून हातात हात घालून नाचणाऱ्या छोट्या लाल आकृत्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. आमचे सर थरांबद्दल, रंगाच्या दगडाबद्दल सांगत होते. त्या मला हळूच म्हणाल्या, "शेवटची बघ. तिला पाऊल जमत नाहीये." मी पाहिलं. खरंच ती आकृती ओळीत जरा मागं होती.

नात्यांचा तक्ता करायचा होता तेव्हा तर त्यांनी मला थक्क केलं. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन रेघा. मी माझ्या माहेरच्या तीन पिढ्यांवर अडकले. त्यांनी कागद न पाहता त्यांच्या माहेरच्या, ग्वाल्हेरच्या पाच पिढ्या सांगितल्या. कोण कुणाला दत्तक गेलं, कुणाचं दुसरं लग्न, कुणाची मुलगी उज्जैनला दिली. चार कागद चिकटवावे लागले.

मग चौथी शाखा आली, आणि माझ्या हातून ते घडलं.

भाषेच्या प्रकल्पासाठी एखाद्या घरातली किंवा वस्तीतली बोली नोंदवायची होती. मला वाटलं, याहून सोपं काय? मी पुण्याची. पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन भोपाळला आले तेव्हापासून सासरचं मराठी माझ्या कानाला टोचत होतं. सासूबाई "मी गेली होती" म्हणतात, "गेले होते" नाही. "भाजी केली" नाही, "बनवली". घोसाळ्याला "गिलकी". "तिच्याशी बोलले" असं नाही, "तिच्याशी गोष्ट केली". मुलगी लहान असताना ती आजीसारखं बोलली की मी तिला खोलीत नेऊन हळू आवाजात सुधारायची. आपण हे कुणाला कळू न देता करतो, असं मला वाटायचं.

मी एक दोनशे पानी वही घेतली. डावीकडे सासूबाईंचं वाक्य, उजवीकडे "बरोबर" वाक्य. आणि पानाच्या वर, शाळेतल्या सवयीनं, ठसठशीत अक्षरात लिहिलं: चुका.

तीन-चार दिवस मी रोज भर घालत होते. वही टेबलावरच असायची.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर सासूबाई म्हणाल्या, "बहू, खाना लग गया है।"

मला वाटलं गंमत करताहेत. मी हसले. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, "बहू, दूध फट गया।" नवऱ्याशी मराठी, शेजारणीशी नेहमीचं हिंदी, फोनवर नातीशी मराठी, माझ्याशी मात्र स्वच्छ, अदबशीर हिंदी. आवाज चढलेला नाही, वागण्यात कमी नाही. पोळ्याही वेळेवर. मी नवऱ्याला विचारलं, "आईंना काय झालंय?" तो म्हणाला, "कुठे काय? बरी तर आहे." असे पाच दिवस गेले.

त्या रविवारी मी वही घेऊन सरांकडे गेले. सर निवृत्त प्राध्यापक, मूळचे उज्जैनचे मराठी. कोटरा सुल्तानाबादला दोन खोल्यांत राहतात आणि त्यातली एक खोली पूर्ण पुस्तकांची. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं. मी कौतुकाची वाट पाहत होते.

"हे शीर्षक कुणी दिलं?"

"मी."

"आणि हे खालचं अक्षर कुणाचं?"

मी वही ओढून घेतली. माझ्या शेवटच्या नोंदीखाली पेन्सिलनं, जुन्या वळणाच्या गोल अक्षरात दोन ओळी होत्या.

"तुझ्या यादीत हे दोन राहिले. फडताळ. पासोडी."

हे दोन्ही शब्द त्या रोज वापरतात. भिंतीतल्या कपाटाला फडताळ, जाड सुती पांघरुणाला पासोडी. मी ते यादीत घेतले नव्हते कारण मला ते हिंदी वाटायचे, आणि हिंदी काय लिहायचं, असं वाटलं होतं.

सरांनी उठून एक जाडजूड जुना कोश काढला आणि माझ्यासमोर ठेवला. दोन्ही शब्द त्यात होते. अस्सल मराठी, जुने. "तुमच्या पुण्यात घरं बदलली, त्यांच्याबरोबर हे शब्दही गेले," सर म्हणाले. "यांच्या घराण्यानं ते इतक्या लांब आणून इतकी वर्षं सांभाळले. आणि 'गेली होती' म्हणाल, तर शेजारच्या भाषेजवळ राहिलेली भाषा अशीच होते. आपल्या शास्त्रात तिला बोली म्हणतात. चूक म्हणायला आधी बोलणाऱ्याला परीक्षेला बसवावं लागतं. तुम्ही त्यांना परीक्षेला बसवलंत, त्यांना न सांगता."

परत येताना मी रिक्षात वही मांडीवर उलटी धरून बसले.

घरी त्या हरभरे सोलत होत्या. मी समोर बसले आणि म्हणाले, "आई, माझं चुकलं."

"किस बात का?"

"आई, मराठीत बोला. हवं तर मला मराठीत रागवा."

त्यांनी हातातला हरभरा सोलून चाळणीत टाकला. मग बोलल्या, आणि मराठीत बोलल्या. लग्न होऊन त्या ग्वाल्हेरहून इथल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. आजूबाजूला महाराष्ट्रातून बदलून आलेली इंजिनिअर मंडळी. त्यांच्या बायकांनी हळदीकुंकवाला बोलावलं. यांना वाटलं, चला, आपली माणसं भेटली. तिथे कुणी विचारलं, तुम्ही कधी आलात? त्या म्हणाल्या, "मी आत्ताच आली." एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग घरी जाताना जिन्यात कुणीतरी त्यांची नक्कल केली, ती त्यांनी ऐकली.

"त्यानंतर मी तिथे जायची, वाण घ्यायची, पण तोंड उघडत नव्हती," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना वाटायचं, ग्वाल्हेरची मोठी घमेंडी आहे. आणि तू पोरीला खोलीत नेऊन शिकवायचीस ना, ते मला माहीत होतं. मी म्हटलं, ठीक आहे, पोरगी शुद्ध बोलेल, तिला कोणी हसणार नाही. पण तू वहीत लिहिलंस."

मी रडायला लागले. त्यांनी हरभऱ्याची चाळणी माझ्याकडे सरकवली. "रडता रडता सोल. भाजी बनवायची आहे."

नंतर त्यांनी अट घातली. माझं बोलणं नोंदवायचं असेल तर तुझंही नोंदव. फोन दोघींच्या मध्ये ठेवायचा आणि प्रश्न दोघींनी विचारायचे. क्षेत्रकार्याच्या पुस्तकात माहिती देणाऱ्यानं प्रश्न विचारण्याबद्दल काहीच नव्हतं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही."

म्हणून दर सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या चहानंतर, आम्ही बसायला लागलो. त्यांचा पहिलाच प्रश्न असा होता:

"लग्नानंतर इथे तुझं मन लागलं का?"

पुण्यात आम्ही "करमलं का" म्हणतो. कुणीच मला हे कधी विचारलं नव्हतं, कोणत्याच मराठीत. मी सांगितलं. पहिलं वर्षभर मी न्हाणीघरात नळ सोडून रडायची.

"ते मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "इतकं पाणी कोण वाया घालवतं? पण काय बोलणार? मला वाटायचं, बोलली तर तू पण हसशील."

फोन दोघींच्या मध्येच होता. तो सगळं नोंदवत होता.

बोलणं उतरवून काढताना मला पहिल्यांदा स्वतःचं ऐकू आलं. मी स्वतःला शुद्ध समजत होते आणि माझ्याच तोंडून "फोन लावून देते", "चहा पिऊन घ्या" निघत होतं. सासूबाईंनी लाल पेन मागून घेतलं आणि माझी अशी वाक्यं एकेक करून अधोरेखित केली. इतक्या प्रेमानं कुणी माझ्या चुका काढल्या नव्हत्या. वहीचं पहिलं पान मी फाडू लागले तर त्यांनी अडवलं. "राहू दे. सरांना दाखव, तू कुठून सुरुवात केलीस."

टेकडीवर, मोठ्या तळ्याच्या वर, एक संग्रहालय आहे. उघड्यावर देशभरातली घरं उभी केलेली, आत ग्रंथालय. संदर्भ पाहायला मी तिथे जायची तेव्हा त्याही यायच्या. मी वाचायची, त्या घरांमधून हिंडायच्या. चुली पाहायच्या, धान्याच्या कणग्यांत डोकावायच्या, सारवणावरून हात फिरवायच्या. एकदा परत आल्या त्या चिडून. एका घरातल्या जात्याचा खुंटा चुकीच्या जागी बसवलेला होता. त्यांनी तिथल्या माणसाला सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. पुढच्या वेळी खुंटा जागेवर होता. त्या दिवशी त्यांनी मला कॅन्टीनमध्ये कचोरी खाऊ घातली.

प्रकल्प वेळेत दिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं की तुमच्या नमुन्यात दोनच व्यक्ती का. मी म्हणाले, एकीला समजून घ्यायलाच पंचवीस वर्षं लागली. त्या हसल्या आणि चांगले गुण दिले. पहिला वर्ग दीड टक्क्यानं हुकला, याचं दुःख माझ्यापेक्षा सासूबाईंना जास्त झालं. "तक्त्याला पुरे मार्क दिले असते तर आला असता," त्या अजून म्हणतात.

आता मी पुढे शिकणार नाहीये. पण त्यांचं काम थांबलेलं नाही. इंद्रपुरीतल्या आणि बाग सेवनियाकडे राहायला गेलेल्या त्यांच्या वयाच्या ग्वाल्हेर-इंदूरकडच्या बायकांचा त्यांनी पत्ता काढला आहे. महिन्यातून एकदा आम्ही एकीच्या घरी जातो. मी फोन धरते, प्रश्न त्या विचारतात. कुणी लाजून म्हणालं, "आमचं मराठी काही चांगलं नाही हो," की त्या ताठ होऊन बसतात.

"बोला तुम्ही," त्या म्हणतात. "ही पुण्याची आहे, पण आपलीच आहे. हसत नाही."

गेल्या महिन्यात नात सुट्टीवर आली होती. आजीनं तिच्याकडून नोंदी नीट ठेवायला लॅपटॉप शिकून घेतला, आणि सगळ्या नोंदींना बायकांच्या गावांची नावं दिली. मी सुचवलेलं कुठलंच शीर्षक त्यांनी मान्य केलं नाही. काल सकाळी त्यांनी मला ऑफिसात फोन केला. इंदूरच्या एक बाई "मुरंबा" आणि "साखरांबा" यांतला फरक सांगत असताना रेकॉर्डिंग मध्येच बंद पडलं होतं.

"शनिवारी परत जायचं आहे," त्या म्हणाल्या. "आणि रिकाम्या हाताने नको. काहीतरी बनवून नेऊ."