बहिणीनं पिंपात राखलेली सिराह

माझी धाकटी बहीण नाशिकजवळच्या एका वायनरीत वाइन बनवते. मलकापूरच्या आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं. वडील शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. कोणी विचारलंच, तर "फळांच्या कारखान्यात आहे" एवढं सांगून ते विषय बदलायचे. तिला ते लागायचं.

या जानेवारीत ती रेल्वेनं आली, मांडीवर पिशवी सांभाळत. पिशवीत शालीत गुंडाळलेली बाटली होती, अजून लेबलही न लागलेली. सिराह नावाच्या काळ्या द्राक्षांची वाइन, ओकच्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली. मालकांना ती लवकर विकून मोकळं व्हायचं होतं. हिनं भांडून एक पिंप मागे ठेवून घेतलं होतं. लाकूड थोडी थोडी वाइन पीत राहतं, म्हणून ती वरचेवर पिंप भरून काढायची, चाखायची आणि पुन्हा झाकण लावायची.

"दादा, तू चाखून पाह्य," ती म्हणाली. "अन् खरं सांगजो. तिथले सारे चांगलीच म्हणतात."

"मले काय कळते त्यातलं?"

"भाजीत काय कमी हाय हे तुलेच आधी कळते न. तेवढं पुरे."

दुपारी जेवणं झाल्यावर तिनं वाइन सरबताच्या काचेच्या भांड्यात ओतली आणि हवा लागायला तशीच ठेवली. वडील खुर्चीत पेपर वाचत होते. उठून गेले नाहीत, हेच मला नवल वाटलं.

तिनं मला दिलेल्या पेल्यात रंग पिकल्या जांभळाचा दिसला. पेला कलता केला की कडेला विटकरी छटा यायची. पहिल्यांदा नुसत्या लाकडाचा वास आला. थोड्या वेळानं त्यातून काळी मिरी वर आली, मग वाळलेलं जांभूळ, आणि मागे कुठेतरी धूर. यापूर्वी मी एका लग्नात वाइन घेतली होती, ती घशात टोचली होती. ही टोचली नाही. आंबटपणा होता, पण मवाळ. तुरटपणा जिभेवर हळूच पसरला. घोट गिळून झाला, आईनं सुपारी कातरून घेतली, तरी मिरीची ऊब तोंडात होतीच.

"लय सुंदर हाय," मी म्हणालो. "पण लाकूड जरा जास्त बोलते."

ती हसली. "हाव. पिंप नवं होतं. जुनं घ्यायले पाहिजे होतं. मी हेच कोणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट पाहून राह्यली होती."

तेवढ्यात शेजारचे पुरोहितकाका दारात आले. आमच्याकडच्या सत्यनारायणाची वेळ विचारायची होती. आईनं घाईघाईनं भांड्यावर पदर धरला.

"राहू दे, झाकू नको," वडील म्हणाले.

काकांनी भांड्याकडे पाहिलं. "हे काय हो? दारू?"

"वाइन हाय. माह्या पोरीनं बनवली." वडिलांनी पेपराची घडी घातली. "तो कारखाना वाइनचाच हाय. मी तुमाले नीट सांगितलं नव्हतं. इतके वर्षं लाकडात सांभाळली तिनं. पिऊ नका, पण वास तर घ्या."

काका थोडे घुटमळले, मग वाकले. "अहो, होमातल्या समिधा धुमसतात न, तसा वास येते!"

"पाहू," म्हणत वडिलांनी माझा पेला हातात घेतला. मला वाटलं, एकदा हुंगून खाली ठेवतील. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ पेला नाकाशी धरून ठेवला.

"समिधा नाही," ते म्हणाले. "धूर हाय, पण त्याच्या मागं काहीतरी गोड हाय. शब्द नाही सापडून राह्यला."

"बाबा, धूर पिंपाचा हाय, आतून जाळतात ते. थांबा थोडे, अजून उघडंल तो वास," बहीण म्हणाली. ती भांड्यातून दुसऱ्या पेल्यात मापात ओतत होती, हात जराही न हलू देता.

वडिलांनी शेजारची खुर्ची ओढली. "बसा हो काका," ते म्हणाले, आणि तिला विचारू लागले, की पिंप आतून जाळतात म्हणजे नेमकं काय करतात.